प्लॅस्टिकमधले पिचर

मधुवंतीच्या नाकावर राग असतो, असं तिच्या माहेरचे सांगतात, सासरचे सांगतात आणि अप्पर हट ते वेलिंग्टन ट्रेनमध्ये तिकीट न काढता चढलेले लोकही सांगतात. त्या गाडीवर ती तिकिटं तपासते. नाकावरचा राग खरा आहे, पण तो फुटतो आणि विरतो. पोटातला राग वेगळा. तो सत्तावीस वर्षं तिथंच बसून होता आणि यंदा गणपतीच्या जेवणाच्या दिवशी उठून उभा राहिला.

महाराष्ट्र मंडळानं जेवणासाठी लोअर हटमधल्या एका शाळेचा हॉल घेतला होता. मधुवंती मठ्ठा वाढत होती. तिचे वडील बाळासाहेब, म्हणजे घरातले अण्णा, जळगावहून येऊन आठच दिवस झाले होते. आई गेल्यापासून ते एकटे होते, म्हणून मधुवंतीनं आग्रह करकरून त्यांना इथल्या उन्हाळ्यापर्यंत बोलावून घेतलं होतं. शेजारी बसलेल्या आशालताताईंनी कौतुकानं त्यांना विचारलं, ‘‘तुमची लेक आमच्या मुलींना पिचिंग फार छान शिकवते. लहानपणापासूनच खेळायची का?’’

‘‘छे छे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘खेळाचं तिला पहिल्यापासून वावडं. पुस्तकातून डोकं वर काढत नसे. हे सॉफ्टबॉलचं खूळ इथं आल्यावर लागलं तिला.’’

मठ्ठ्याचा पेला भरला, ओसंडला आणि पुढच्या गृहस्थांच्या नव्या कुर्त्यावर सांडला. ते बिचारे काही नाही, काही नाही म्हणत राहिले. मधुवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हॉलभर माणसं होती आणि समोर गणपती होता. ती फडकं आणायला आत गेली आणि बेसिनपाशी नळ सोडून नुसती उभी राहिली.

माणूस विसरला असेल तर एकवेळ सोडून देता येतं. अण्णा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. कुठल्या सालची फाईल कुठल्या कपाटात आहे हे ते आजही सांगतात. हा माणूस विसरणं शक्य नव्हतं. त्यानं ती गोष्ट पुसून टाकली होती आणि पुसल्याच्या जागी दुसरं काहीतरी नीटनेटकं लिहून ठेवलं होतं. मधुवंती गाडीवर तिकिटं तपासते, तर जळगावात ते सांगतात की मुलगी तिकडं रेल्वेत अधिकारी आहे. त्यांच्या तोंडून निघणारी प्रत्येक गोष्ट मूळच्यापेक्षा एक छटा उजळ असते.

तिला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं. तू पिचर होतीस आणि मी तुला थांबवलं, एवढंच. माफी नको होती. माफी मागायची सवय नसलेला माणूस मागायला लागला की ऐकणाऱ्यालाच ती सोसावी लागते. घडलं ते घडलं असं त्यांनी आपल्या तोंडानं म्हणावं, बस.

घडलं होतं ते असं. १९९८ साली मधुवंती जळगावच्या कॉलेजची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती. सॉफ्टबॉल म्हटला की पुण्या-मुंबईची माणसं आजही विचारतात, तो काय असतो. जळगावात मात्र शाळेतल्या पोरींनासुद्धा माहीत असतो. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवायचा आणि कमरेपाशी चेंडू सोडायचा. मधुवंतीचा चेंडू सुटला की बॅटवाली मुलगी नुसती बघत राहायची. राज्याच्या संघात तिची निवड झाली. एप्रिलात शिबिर लागलं, खानदेशातल्या एप्रिलात, जिथं दुपारी कुत्रीसुद्धा नळाखालून उठत नाहीत. त्याच आठवड्यात नाशिकचे पाहुणे तिला बघायला आले. जाताना पाहुणीण दारात तिच्या आईला म्हणाली, ‘‘मुलगी चांगली आहे हो, पण रंग फार उतरलाय.’’

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिचे खेळायचे बूट लोखंडी कपाटात घातले आणि किल्ली जानव्याला बांधली. ‘‘खेळ पुरे झाला,’’ ते म्हणाले. ‘‘आधीच सावळी, त्यात उन्हात कोळसा व्हायला निघालीस. कोण पदरात घेणार आहे?’’ ती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. संघ तिच्याशिवाय गेला. तिची सर्टिफिकेटं आणि संघाचा फोटो त्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेला. पुढं तीन वर्षं स्थळं आली आणि रंग बघून गेली. सगळ्यांनी हात टेकले तेव्हा अण्णांनी कर्ज काढून तिला शिकायला न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला पाठवलं. तिचा नवरा मकरंद तिला तिथल्याच विद्यापीठात भेटला. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, शांत. तिच्या रंगाबद्दल त्यानं पहिल्या वर्षी काहीच म्हटलं नाही, तेव्हा तिला वाटलं, याला नीट दिसत नसावं.

बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डं तिच्या हाती आली ती अप्पर हटला राहायला आल्यावर. इथल्या एका ऑप शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, ती लेकीसाठी, अनुष्कासाठी, पोहण्याचे टॉग्स बघत होती. रग्बीच्या जुन्या पुस्तकांच्या खोक्यात तळाला एक पत्त्याएवढं कार्ड पडलं होतं. कोपरे झिजलेले, मधे एक घडी. त्यावर रंगवलेलं चित्र होतं, काळ्या माणसाचं, आणि खाली लिहिलं होतं, पिचर. नाव होतं जो ब्लॅक, साल १९५३. अमेरिकेतल्या च्युइंगमच्या पुडीतून निघालेलं ते कार्ड न्यूझीलंडच्या या डोंगरांच्या कुशीतल्या गावात कसं आलं, देव जाणे. घरी येऊन तिनं वाचलं. बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, वर्ल्ड सिरीज म्हणतात तिला, सामना जिंकलेला हा पहिला काळा पिचर.

तिथून तिला ध्यास लागला. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरलेले काळे पिचर, आणि त्यांच्याही आधीचे, ज्यांना तिथं उतरूच दिलं नाही ते. त्यांची स्वतःची वेगळी लीग होती, पण त्या खेळाडूंची कार्डं त्यांच्या देशात जवळपास कुणी छापलीच नाहीत. छापली ती हिवाळ्यात ते जिथं जाऊन खेळत, त्या क्युबात, पोर्तो रिकोत. तिथली पोरं ती वहीत डिंकानं चिकटवत. मधुवंतीकडच्या पोर्तो रिकोच्या कार्डाच्या पाठीवर तो सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा डिंक होता आणि तिला तो कार्डाइतकाच प्रिय होता. कुणीतरी कुठंतरी या माणसाला वहीत जपलं होतं.

सगळ्यात आवडतं कार्ड १९५१ सालचं, डॅन बँकहेडचं. मोठ्या लीगमध्ये उतरलेला तो पहिला काळा पिचर. पहिल्यांदा बॅट हातात घेतली आणि होमरन मारला, म्हणजे आपला षटकारच. त्याच दिवशी त्याच्या पिचिंगची मात्र गोऱ्या फलंदाजांनी पिसं काढली. लोक म्हणत, एखाद्या गोऱ्याला चेंडू लागला तर आपलं काय करतील या धास्तीनं त्याचा हात मोकळा सुटतच नसे. हे वाचलं तेव्हा मधुवंती स्वयंपाकघरात उभी राहून रडली होती, रागानं. त्याचं काळेपण आणि आपलं सावळेपण एक नव्हे, हे तिला पक्कं कळत होतं. त्याच्या जिवावर बेतलं असतं, तिच्या फक्त लग्नावर बेतत होतं. पण हात चांगला असताना कातडीकडं बघून माणसाला मैदानाबाहेर ठेवतात, एवढं तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या कार्डांवरची चित्रं फोटोवरून रंगवलेली असत. आणि रंगवणाऱ्यानं बँकहेडचा चेहरा होता तसा काळा रंगवला होता. ती ते कार्ड अल्बमच्या पाकिटातून काढून पुन्हा पुन्हा बघायची.

अल्बमात एक पाकीट रिकामं होतं. त्यात फक्त एक चिठ्ठी होती, मॅमी जॉन्सन. काळ्यांच्या लीगमध्ये पुरुषांबरोबर पिचिंग करणारी बाई. तिच्या खेळायच्या दिवसांतलं कार्ड मधुवंतीला कुठंच सापडलं नव्हतं. म्हणून तिची जागा तशीच राखून ठेवलेली.

हे सगळं अण्णांना तिनं दाखवलं होतं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘जुनी दिसतात. जप.’’

जपायची तर तिची धडपड होतीच. घर टेकडीच्या सावलीत, हिवाळ्यात बाथरूमच्या छताला बुरशी. सप्टेंबरभर पाऊस पडला आणि पोर्तो रिकोच्या कार्डावर एक बारीक डाग उमटला. मधुवंती जेवताना सारखी त्याबद्दलच बोलायची. त्यात ऑक्टोबर अखेरीला सॉफ्टबॉलचा हंगाम सुरू होणार होता आणि क्लबनं तिला सांगितलं होतं की पहिल्या दिवशी तुझी कार्डं क्लबरूममध्ये मांड, पोरींना बघू दे. तोवर ती खराब होऊ नयेत म्हणून ती जिवाचं रान करत होती.

अण्णा ऐकत होते. अण्णांना एकाच प्रकारचं जपणं ठाऊक होतं. त्यांच्या घरात जपण्याजोगं जे काही होतं ते प्लॅस्टिकमध्ये बंद होतं. धाकट्या मुलाची, रवींद्रची, चौथीपासूनची प्रशस्तिपत्रं, घरपट्टीची पावती, गॅसच्या पुस्तकाचं पहिलं पान. कलेक्टर कचेरीसमोरचा लॅमिनेशनवाला त्यांना चहा पाजायचा. आणि इथं मकरंदनं मंडळाच्या पाट्यांसाठी आणलेलं लॅमिनेशनचं मशीन घरातच होतं. ‘चपला इथे काढाव्यात’ ही पाटी त्यातून गरमागरम बाहेर येताना अण्णांनी स्वतः बघितली होती.

त्या गुरुवारी मधुवंतीची सकाळची पाळी होती. दुपारी ती घरी आली तेव्हा तापलेल्या प्लॅस्टिकचा वास दारापर्यंत आला होता. जेवणाच्या टेबलावर कार्डं ओळीनं मांडलेली होती. प्रत्येक कार्ड चकचकीत प्लॅस्टिकमध्ये बंद. अण्णा कात्रीनं प्लॅस्टिकचे कोपरे गोल करत होते, बोटाला टोचू नयेत म्हणून.

‘‘ये, बघ,’’ ते म्हणाले. ‘‘आता शंभर वर्षं काही होत नाही.’’

मधुवंतीनं बँकहेड उचलला. प्लॅस्टिक कार्डाला वितळून धरलं होतं. ते सोलायला गेलं तर चेहराच निघून येणार. ज्या कागदाला आजवर कितीतरी बोटं लागली, ज्याच्या झिजलेल्या कडेवरून ती स्वतः अंगठा फिरवायची, त्याला आता कुणाचंच बोट लागणार नव्हतं. पोर्तो रिकोच्या पाठीवरचा डिंक उष्णतेनं पिवळा होऊन पसरला होता. सगळ्यात शेवटी मॅमी जॉन्सनची चिठ्ठी होती. तीही लॅमिनेट केलेली, तिचेही कोपरे गोल.

‘‘अण्णा, हे काय केलंत?’’

‘‘लॅमिनेट केली. तूच म्हणत होतीस ना, दमट आहे, बुरशी लागेल.’’

‘‘कुणाला विचारून?’’

‘‘घरातल्या वस्तूला काय विचारायचं? रवीची सर्टिफिकेटं बघ जाऊन. पंचवीस-तीस वर्षं झाली, अजून कशी करकरीत आहेत.’’

तिथं ती फुटली.

‘‘आणि माझी?’’

‘‘तुझी डिग्री केलीय की.’’

‘‘डिग्री नाही विचारत मी. सॉफ्टबॉलची. विद्यापीठाची दोन होती, राज्य शिबिराचं एक होतं. त्यांना का नाही घातलंत प्लॅस्टिकमध्ये? ती का गेली रद्दीत?’’

‘‘तेव्हा खेळाला कोण विचारत होतं, मधू?’’

‘‘यांनाही कुणी विचारत नव्हतं,’’ तिनं टेबलावर हात आपटला. गोल कोपऱ्यांची कार्डं उडाली. ‘‘यांची कार्डं त्यांच्या गावात कुणी छापली नाहीत. कुठल्या तरी परक्या पोरानं वहीत चिकटवली म्हणून राहिली. आणि तुम्ही माझे वडील. तुम्ही भर जेवणात लोकांना सांगता, हिला खेळाचं वावडं होतं. माझं म्हणून काय जपलंत तुम्ही? एक वस्तू दाखवा. एक.’’

 अण्णांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं, त्यातून एक फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. फोटो लॅमिनेट केलेला होता. कोपरे गोल.

‘‘हा,’’ ते म्हणाले. ‘‘सत्तावीस वर्षं माझ्याजवळ आहे. तुझी आई गेली, तिचा फोटो ठेवायला पाकिटात जागा नव्हती, तरी हा काढला नाही.’’

फोटोत एक गोरी मुलगी होती. गाल गुलाबी, ओठ लाल, खांद्यावर निळा पदर. क्षणभर मधुवंतीला वाटलं, ही कुणी नात्यातली. मग तिला ते डोळे दिसले. उन्हाकडं तोंड केल्यावर होतात तसे बारीक झालेले. कुणी स्टुडिओत असे डोळे करत नाही. पदराच्या कडेला गळ्याशी एक पांढरी पट्टी रंगाखालून डोकावत होती, जळगावच्या संघाच्या जर्सीची पट्टी. कानामागं पडदा रंगवला होता, पण पडद्याला एक उंचवटा होता. तो संघातल्या प्राचीचा खांदा होता. प्राची त्या दिवशी तिच्या शेजारी उभी होती.

‘‘हा संघाचा फोटो आहे,’’ ती म्हणाली.

‘‘स्थळांना पाठवायला फोटो हवा होता आणि तू स्टुडिओत यायला तयार नव्हतीस. मग ग्रूप फोटोतून काढून घेतला. त्या माणसाचा टचिंगचा हात फार चांगला होता. दोन दिवसांत उजळ करून दिली.’’

यात अण्णांना लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. ते प्रेमानं सांगत होते. सत्तावीस वर्षं त्यांनी छातीशी बाळगलेली लेक ही होती. खरी पोर मैदानावर घामाघूम होऊन उभी असताना त्यांनी ब्रशवाल्याला पैसे देऊन दुसरी करून घेतली होती, आणि हिच्यावर जीव लावला होता. सात समुद्रांपलीकडच्या च्युइंगमच्या कारखान्यातल्या एका अनोळखी चिताऱ्याला काळ्या माणसाचा काळा रंग ठेवायला जमलं. तिच्या बापाला जमलं नाही.

‘‘हा मला द्या,’’ मधुवंती म्हणाली.

अण्णांना बरं वाटलं. त्यांना वाटलं, पोरीला आवडला, राग निवळला. ‘‘घे, तुझाच आहे,’’ ते म्हणाले आणि उरलेले कोपरे गोल करायला त्यांनी पुन्हा कात्री उचलली. तिनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

मकरंद संध्याकाळी आला, त्यानं टेबल बघितलं आणि मुकाट्यानं लॅपटॉप उघडला. लॅमिनेशन काढता येतं का, हे शोधत तो तासभर बसला. येत नव्हतं. मग हळूच म्हणाला, ‘‘मधू, त्यांचा हेतू चांगला होता गं.’’

‘‘हेतू चांगला होता म्हणून तर जास्त राग येतो,’’ ती म्हणाली. ‘‘वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते.’’

इथं घरातली आणखी एक रीत सांगायला हवी. अनुष्का तेरा वर्षांची, इथंच जन्मलेली. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं, तेही इथल्या उच्चारांत. अण्णांना ऑफिसचं इंग्रजी उत्तम येतं, पण नातीचं एक वाक्य समजेल तर शपथ. म्हणून दोघांच्या मधे मधुवंती. आणि मधुवंती ट्रेनवर जेवढी कडक, तेवढी या कामात लबाड. आजोबांचं बोलणं फार गुळचट असतं, असं अनुष्का म्हणाली की आईनं सांगायचं, ती म्हणते तुमच्या गोष्टी गोड असतात. आणि अण्णा रोज सकाळी नातीला म्हणायचे, ‘‘अनू, टोपी घाल, काळी पडशील.’’ अनुष्कानं विचारलं होतं, काळी पडशील म्हणजे काय? मधुवंतीनं सांगितलं होतं, सनबर्न. इथलं ऊन खरोखरच भाजून काढतं, शाळेतसुद्धा टोपीशिवाय मैदानावर सोडत नाहीत, त्यामुळं ते खपून गेलं. पोर आजोबांच्या काळजीवर खूश होती. रोज टोपी घालायची.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी आभाळ मोकळं होतं. क्लबरूममध्ये बार्बेक्यूचा धूर, जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटकारत हिंडणाऱ्या आया, आणि माओरीतला नमस्कार, कीया ओरा, कीया ओरा. मधुवंतीनं कार्डं बोर्डावर लावली. क्लबच्या सेक्रेटरीनं प्लॅस्टिक बघितलं आणि म्हणाली, स्वीट ॲज, म्हणजे झकास, आता पोरींना हातात घेऊन बघता येतील. मधुवंती कार्डं लावत राहिली. जो ब्लॅक लावला, बँकहेड लावला, पोर्तो रिको लावला. मॅमी जॉन्सनची चिठ्ठी लावली आणि खाली लिहिलं, हिचं कार्ड मला मिळालेलं नाही. सगळ्यात शेवटी तिनं अण्णांच्या पाकिटातला फोटो लावला. त्याखाली इंग्रजीत लिहिलं, पिचर, जळगाव, १९९८. नाव लिहिलं नाही.

अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आपण जपलेली कार्डं भिंतीवर लागली म्हणून खुशीत होते. हात पाठीमागं बांधून ते बोर्डासमोरून सावकाश सरकत गेले आणि शेवटच्या फोटोपाशी थांबले. त्यांनी खालची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मधुवंती हातभर अंतरावर उभी होती. ते तिच्याकडं वळले नाहीत.

तेवढ्यात अनुष्का आली, नाकाला पांढरं सनस्क्रीन फासलेलं, डोक्यावर टोपी, हातात ग्लव्ह. ती आजोबांच्या खांद्याशी टेकून वाचायला लागली.

‘‘आजोबा, जळगाव, दॅट्स यू गाइज,’’ ती म्हणाली. ‘‘हू इज द व्हाइट लेडी?’’

‘‘काय म्हणते ती?’’ अण्णांनी नेहमीसारखं मधुवंतीला विचारलं. एवढं इंग्रजी त्यांना कळत नव्हतं अशातला भाग नव्हता.

नेहमीचा दिवस असता तर मधुवंतीनं काहीतरी गोड करून सांगितलं असतं. ‘‘ती विचारते,’’ ती म्हणाली, ‘‘ही गोरी बाई कोण?’’

अण्णांनी घसा खाकरला. ‘‘तुझी आई आहे, अनू.’’

अनुष्का हसली. मग फोटोला नाक लावून बघायला लागली आणि तिचं हसू गेलं. ‘‘नो वे. मम्स ब्राउन. व्हाय इज शी व्हाइट?’’

‘‘ती विचारते, तिची आई सावळी आहे, मग या फोटोत गोरी का?’’

मागं कुणीतरी सॉसेजची बशी घेऊन उभं होतं, ते वाट बघून निघून गेलं. अण्णांनी एकदा दाराकडं पाहिलं. दारात ऊन होतं. जिल्हा परिषदेत कुणी अडचणीचं विचारलं की ते म्हणायचे, फाईल बघून सांगतो. इथं फाईल समोर भिंतीवर लावलेली होती.

‘‘मी करून घेतली,’’ ते म्हणाले. नातीशी बोलत होते, मराठीत, हळू, एकेक शब्द सुटा. ‘‘तुझी आई पिचर होती. फार चांगली होती. मी तिचा खेळ बंद केला. उन्हात काळी पडत होती म्हणून.’’

सत्तावीस वर्षं ज्या वाक्यासाठी ती थांबली होती ते आलं होतं. मधुवंतीला वाटलं होतं, ते आलं की पोटातलं काहीतरी सैल होईल. तसं काहीच झालं नाही. उलट वाटलं, एवढंच होतं तर मग हे सांगायला इतकी वर्षं का लागली. राग होता तिथंच होता, फक्त आता तिला खेळाचं वावडं होतं असं कुणी म्हणू शकणार नव्हतं.

याचं भाषांतर करावं लागलं नाही. ‘काळी पडत होती’ हे शब्द अनुष्काच्या रोजच्या ओळखीचे होते. ती आजोबांकडं बघत नव्हती. आईकडं बघत होती.

‘‘यू सेड इट मेन्ट सनबर्न,’’ ती म्हणाली.

 बिनतिकिटाचे लोक गाडीत जसे साळसूद चेहऱ्यानं बघतात तसं मधुवंतीला बघता येत नव्हतं. रोज सकाळी, महिना-दोन महिने, बापाचं बोलणं पोरीपर्यंत पोचवताना तिनंही ब्रश फिरवला होता. अगदी त्या स्टुडिओवाल्यासारखा, चांगल्या हातानं.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘मी खोटं सांगितलं तुला.’’

अनुष्कानं टोपी काढली. जरा वेळ हातात धरली, मग आजोबांच्या हातात दिली आणि ग्लव्ह काखेत मारून बाहेर गेली. तिचा सामना होता आणि पहिलं पिचिंग तिचं होतं.

अण्णा ती टोपी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. त्यांनी भिंतीला लावलेल्या खुर्चीकडं पाहिलं, खुर्ची सावलीत होती, खिडकीतून मैदानाचा एक तुकडा दिसत होता.

‘‘तिथून पिचर दिसत नाही,’’ मधुवंती म्हणाली. ‘‘बघायचं असेल तर उन्हात उभं राहावं लागेल, अण्णा. मी राहत होते.’’

आणि त्यांच्यासाठी न थांबता ती मैदानाकडं निघाली.